उकाडा निराळा, झळ निराळी

मे महिन्यात ठाण्यात कापूरबावडीला दुचाकीवाले सिग्नलच्या पांढऱ्या रेषेपाशी थांबत नाहीत. पुलाची सावली जिथे संपते, तिथे थांबतात. पुढे वीस-पंचवीस फूट रस्ता मोकळा, मागून रिक्षांचे हॉर्न, तरी कोणी हलत नाही. माझी शिफ्ट दुपारी दोनची, त्यामुळे रोज एकच्या सुमाराला मी या सावलीतल्या गर्दीत असतो. गेल्या मे महिन्यात शेजारी एक डिलिव्हरीवाला पोरगा होता. त्याने माझ्या जॅकेटकडे, ग्लोव्हजकडे, गुडघ्याच्या गार्डकडे निवांत बघून घेतलं आणि विचारलं, "काका, यात गरम नाही होत?"

'काका' ऐकून आधी गरम झालं. मग म्हटलं, "होतं की."

त्याला पुढे काहीतरी ऐकायचं होतं, पण सिग्नल सुटला. तेव्हा जे सांगायचं राहिलं, ते इथे लिहून टाकतो.

माझा रस्ता तसा जेमतेम सोळा-सतरा किलोमीटरचा. मानपाड्याहून कापूरबावडी, माजिवडा, साकेत रस्त्याने कळवा पूल, मग विटावा, दिघा आणि ऐरोली. गाडी 350 सीसीची, हवेवर थंड होणारी. म्हणजे चालत असताना ती थंड होते आणि थांबली की मला गरम करते. मेट्रो 4 च्या कामाने घोडबंदर रोड इतकी वर्षं अरुंद करून ठेवला, की गाडी चालण्यापेक्षा थांबण्याचीच सवय जास्त झाली. उजवी पोटरी उन्हाळाभर शेकून निघते.

तीन वर्षांपूर्वीपर्यंत माझ्याकडे एकच जॅकेट होतं. काळं, जाडजूड, आत पावसाचं अस्तर. एका डिसेंबरात महाबळेश्वरला जायचं म्हणून घेतलेलं. एप्रिल लागला की ते अंगावर ठेवणं अशक्य व्हायचं. मग मी तोडगा काढला: जॅकेट घरी ठेवायचं नाही, मागच्या सीटवर बंजीच्या लवचीक दोरीने बांधून न्यायचं. मनाला बरं वाटायचं. जॅकेट सोबत आहे ना! दिघ्याला एका डंपरमधून सांडलेल्या वाळूवर पुढचं चाक गेलं तेव्हा वेग तीसचाही नसेल. मी डाव्या अंगावर पडलो आणि घसरलो. कोपराची कातडी गेली, तळहात सोलला, आणि पुढचे तीन आठवडे शर्टाची बाही जखमेला चिकटू नये म्हणून हात बाजूला धरून हिंडलो. जॅकेट मागे व्यवस्थित बांधलेलं होतं. त्याला ओरखडासुद्धा नव्हता.

ड्रेसिंग करायला गेलो की कम्पाउंडर दर वेळी एकच विचारायचा, "हेल्मेट होतं ना?" होतं. हेल्मेट आपण घालतो, कारण नसलं तर दंड आहे आणि लायसन्स तीन महिन्यांसाठी जाऊ शकतं. कायदा डोक्यापाशी थांबतो. मानेखालचं ज्याचं त्याने बघायचं, आणि मानेखालचं आपण हवामान बघून ठरवतो. इथेच घोडं पेंड खातं. डिसेंबरात सगळेच शहाणे असतात. जॅकेटची परीक्षा मे महिन्यात, दुपारी एक वाजता, पुलाच्या सावलीत जागा मिळाली नाही तेव्हा होते.

म्हणून नवं घ्यायला गेलो तेव्हा डोक्यात एकच निकष होता: मी हे मे महिन्यात घालीन का? दुकान एसी. सेल्समन मुलगा हुशार आणि मनापासून बोलणारा. त्याने एकामागून एक जॅकेटं चढवली आणि सगळीच मला फार आवडली. एसीत कुठलंही जॅकेट आवडतं. शेवटी म्हटलं, "पाच मिनिटं हे घालून बाहेर उन्हात गाडीवर बसतो." त्याने आत काउंटरकडे पाहिलं, काउंटरने माझ्या गाडीच्या किल्लीकडे पाहिलं आणि मोबाइल ठेवून जायला सांगितलं. ठेवला. त्या पाच मिनिटांत चारातली दोन जॅकेटं बाद झाली. एकाची कॉलर हेल्मेटला खालून धक्का देत होती, आणि दुसऱ्याची बाही, हॅन्डलला हात लावल्याबरोबर, मनगटावरून तीन बोटं वर सरकली. आरशासमोर उभं राहून यातलं काहीच कळत नाही.

उन्हाळ्यासाठीचं जॅकेट म्हणजे जाळीचं, ज्याला सगळे 'मेश' म्हणतात. पण जाळी कुठे आहे हे बघावं लागतं. छाती, पाठ, बाहीची आतली बाजू इथे जाळी ठीक. खांदा आणि कोपर जिथे रस्त्याला लागणार, तिथे घट्ट विणीचं जाड कापड हवं. स्वस्तातल्या जॅकेटांत नखशिखांत जाळी असते. ती हवेशीर असतात यात शंका नाही, पण डांबरावर जाळीचं काय होतं ते भाजी किसताना आपण रोज पाहतो. कापडाच्या चिठ्ठीवर 600 डी, 1000 डी असे आकडे असतात. तो डेनिअर: त्या धाग्याच्या 9000 मीटर लांबीचं ग्रॅममधलं वजन. आकडा मोठा तितका धागा जाड. पण नायलॉन आणि पॉलिस्टर यांचे आकडे एकमेकांना लावून बघू नयेत, एकाच जाडीत नायलॉन घासायला चिवट पडतं.

युरोपचं एक मानक आहे, ईएन 17092. त्यात अख्ख्या कपड्याला ट्रिपल ए, डबल ए, ए असे दर्जे देतात, घासलं जाण्यापासून शिवण उसवण्यापर्यंत सगळं तपासून. जाळीची बहुतेक जॅकेटं ए मध्ये बसतात, चांगली असतील तर डबल ए मध्ये. ट्रिपल ए हवा असेल तर चामडं किंवा तसंच काहीतरी जाड घ्या, आणि मग विटाव्याच्या रेल्वेपुलाखाली ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर माझी आठवण काढा. मी ए दर्जाचं घेतलं. त्याहून वरचं घेऊन ते पुन्हा मागच्या सीटवर बांधलं असतं, हे मला माझ्याबद्दल पक्कं माहीत होतं.

कोपर, खांद्यातले गार्ड मात्र कापडापेक्षा जास्त बारकाईने पाहिले. त्यांचं मानक वेगळं, ईएन 1621. त्यात गार्डवर 50 जूलचा ठोका मारून आत किती जोर पोचतो ते मोजतात. लेव्हल 1 मध्ये सरासरी 35 किलोन्यूटनपर्यंत चालतं, लेव्हल 2 मध्ये 20 पर्यंतच. जाडीत थोडाच फरक असतो, म्हणून लेव्हल 2. आणि एक बारीक खूण असते जी मला आधी कोणी सांगितली नव्हती. हे मऊ गार्ड हाताला रबरासारखे लागतात, ठोका बसला की घट्ट होतात. पण गरम झाले की आणखी मऊ पडतात. म्हणून ज्यांची 40 अंशांवर वेगळी चाचणी झाली आहे, त्यांच्यावर 'टी प्लस' लिहिलेलं असतं. ऑफिसच्या पार्किंगमध्ये उन्हात गाडीवर पडलेलं जॅकेट चाळीसच्या वर सहज जातं. सेल्समनने गार्ड बाहेर काढून दाखवला, आम्ही दोघांनी ती खूण शोधली, आणि सापडल्यावर आनंद त्यालाच जास्त झाला.

रंग राखाडी घेतला, फिकट. दुकानात दहातली आठ जॅकेटं काळी. मोटरसायकल चालवणाऱ्याने काळंच घालायचं हे कुठल्या थंड देशात ठरलं देव जाणे. राखाडीवर मेट्रोच्या कामाची धूळ दिसते, पण ऊन काळ्याइतकं खात नाही.

आता जाळीचं जॅकेट घेतलं म्हणजे संपलं असं वाटलं होतं. पहिल्याच आठवड्यात पाठ घामाने निथळत ऐरोलीला पोचलो. छाती कोरडी, पाठ चिंब. दोन दिवसांनी उलगडा झाला: लॅपटॉपची सॅक! आठ हजार रुपये देऊन पाठीला जाळी घेतली आणि तिच्यावर सॅकचं बूच बसवलं. आता लॅपटॉप टाकीवरच्या बॅगेत असतो आणि पाठीचं गार्डही भोकाभोकांचं आहे. आतला सुती गंजीफ्रॉक त्याच आठवड्यात बंद केला. सुती कापड घाम पितं आणि मग सोडायचं नाव घेत नाही. त्याऐवजी खेळाडू घालतात तसला पातळ, पूर्ण बाह्यांचा सिंथेटिक टी-शर्ट. आत एक जास्तीचा कपडा घालून कमी गरम होतं, हे आईला अजून पटलेलं नाही.

ग्लोव्हजबद्दल थोडं. पडताना हात पुढे जातो, कितीही ठरवलं तरी. मनगटात अंगठ्याच्या मुळाशी स्कॅफॉइड नावाचं काजूएवढं हाड आहे. ते अशा वेळी मोडतं आणि रक्तपुरवठा तोकडा असल्यामुळे जुळायला महिनोन् महिने घेतं. ज्या ग्लोव्हजच्या तळव्याच्या मुळाशी घसरणारी टणक पट्टी असते, ते घ्यावेत, म्हणजे हात रस्त्यावर अडकून न बसता सरकतो. वरून जाळी, तळव्याला भोकांचं चामडं. घामाच्या मिठाने हे चामडं पापडासारखं कडक होतं आणि हात काळे-निळे करतं. त्याला इलाज नाही.

पण मला खरं सांगायचं होतं ते निराळंच. आपल्या भाषेत 'गरम' या एका शब्दात आपण जे कोंबतो, त्याला आपल्याच आज्यांकडे पाच शब्द होते. ऊन, उकाडा, झळ, तलखी, काहिली. मी त्यांना एकाच अर्थाचे शब्द समजत होतो. जाळीच्या जॅकेटने मला त्यातल्या दोघांमधला फरक शिकवला, आणि तो ठाण्यात नाही, मालेगावच्या पुढे.

ठाण्यात असतो तो उकाडा. पारा पस्तिशीच्या आतबाहेर, हवा खाडीची, ओली. कातडीचं तापमान 33 ते 35 अंश असतं, म्हणजे वारा कातडीहून फारसा गरम नसतो. घामाचं मात्र हाल. एक लिटर घाम अंगावर वाळला तर 580 किलोकॅलरीच्या आसपास उष्णता घेऊन जातो. वाळला तर. नाकावरून टपकून टाकीवर पडला तो फुकट गेला. दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून वारा हवा, मिळेल तेवढा. इथे जाळी म्हणजे वरदान. साकेत रस्त्यावर जरा मोकळं मिळालं, गाडी पन्नासला गेली, की शर्टातून वारा आरपार जातो आणि माणूस पुन्हा माणसात येतो.

हेच जॅकेट घालून मी आत्याकडे जळगावला निघालो, चुलतभावाच्या... नाही, आतेभावाच्या लग्नाला. पहाटे पाचला ठाणं सोडलं. कसारा घाट चढेपर्यंत उत्तम, इगतपुरीला तर चक्क गार वाजलं. नाशिक, चांदवड. मालेगाव गेलं, अकरा वाजले, आणि वाऱ्याचा पोत बदलला. समोरून येणारा वारा गार करायचं सोडून भाजत होता. मी काय केलं? होत्या नव्हत्या त्या चेन उघडल्या, हेल्मेटची काच वर केली आणि वेग वाढवला. उकाड्यात जे करतो तेच. टी-शर्ट ठणठणीत कोरडा होता, म्हणून वाटलं घामच येत नाहीये, बरं आहे.

घाम येत होता. तो दिसायच्या आत उडत होता. हवा बेचाळीसची असेल तर ती कातडीहून सात-आठ अंश गरम, म्हणजे वारा उष्णता नेत नाही, आणून टाकतो. ऐंशीच्या वेगाने जाळीतून. केस वाळवायच्या मशीनसमोर तीन तास बसल्यासारखं. धुळ्याला पेट्रोल भरलं तेव्हा सुटे पैसे तीनदा मोजले आणि तीनदा वेगळे आले. एका ट्रकवाल्यावर उगाच खेकसलो. डोकं ठणकत होतं, पण वाटत होतं हेल्मेट घट्ट असेल. उन्हाने पहिल्यांदा जाते ती शुद्ध नव्हे, हिशेब जातो, आणि गाडी चालवणं म्हणजे दर क्षणी हिशेबच. पारोळ्याच्या अलीकडे एका झाडाखाली तासभर बसलो, पाण्यात मीठ-साखर घालून प्यालो, तेव्हा निभावलं.

आत्याने दारातच जॅकेटच्या जाळीत बोट घालून पाहिलं. "चाळण घालून आलास होय रे उन्हाचा?" खानदेशात मे महिन्यात कोणी अंग उघडं टाकत नाही. कानाला उपरणं, अंगात पूर्ण बाह्या, खिशात कांदा. कांद्याचं मला अजून कळलेलं नाही, पण बाकीचं भौतिकशास्त्र पक्कं आहे. झळ लागते तेव्हा अंग झाकायचं असतं. वारा बंद करायचा नाही, मोजून घ्यायचा.

परतीला तसं केलं. आतला टी-शर्ट नळाखाली धरून पिळून ओलाच घातला, वर जाळीचं जॅकेट, आणि त्यावर पावसाचा पातळ विंडचीटर, चेन छातीपर्यंत उघडी. काच खाली. गळ्याभोवती आत्याने दिलेलं ओलं उपरणं, टोकं कॉलरच्या आत खोचलेली. बाहेरून बघणाऱ्याला वेडाच वाटलो असणार. आत मात्र माठातल्यासारखं होतं. कोरडी हवा थोडीथोडी आत येऊन टी-शर्टातलं पाणी उडवत होती आणि गारवा देत होती. धुळे ते मालेगाव एक टी-शर्ट पुरला. मालेगावला पुन्हा भिजवला. बाजारात यासाठी पाणी धरून ठेवणाऱ्या खास बंड्या मिळतात, चांगल्या चालतात, फक्त कोरड्या हवेत. ऑफिसातल्या एकाने तसली घेतली आणि ठाण्यात घालून आला. दिवसभर ओली बंडी अंगावर वागवण्याचा अनुभव त्याला मिळाला. माझा टी-शर्टही कसारा उतरून शहापूर ओलांडल्यावर वाळायचा थांबला. विंडचीटर काढून डिकीत टाकला, सगळ्या चेन उघडल्या. पडघ्यापर्यंत मी पुन्हा उकाड्याचा माणूस झालो होतो.

तशी झळ अधूनमधून आपल्याकडेही येते. मार्चमध्ये पूर्वेचा वारा जोर धरतो, समुद्रावरचा वारा दुपारपर्यंत आत येत नाही, आणि ठाण्याचा पारा चाळिशीला टेकतो. त्या दिवशी मी चेन बंद ठेवतो आणि शेजारचे बघत राहतात. आणि उकाड्यालाही हलकं समजू नये. 16 एप्रिल 2023 ला खारघरच्या मैदानात दुपारपर्यंत उन्हात बसलेली माणसं उष्माघाताने गेली, तेव्हा पारा चाळिशीच्या आतच होता. घाम वाळला नाही की आकडा बघण्यात अर्थ नसतो. त्या बातमीनंतर मी टाकीवरच्या बॅगेत पाण्याची दुसरी बाटली ठेवायला लागलो. कोकम, चिमूटभर मीठ. बायको त्यात जिरंही टाकते.

बायकोचं सांगायचं राहिलं. ती वर्तकनगरला स्कूटरने जाते. सनकोट, कोपरापर्यंतचे सुती हातमोजे, आणि डोळे सोडून सगळं झाकणारा स्कार्फ, त्यावर हेल्मेट. लग्न झालं तेव्हा मी तिला 'चंबळची' म्हणायचो. माझं जॅकेट घरी आलं तेव्हा तिने ते उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाली, "म्हणजे महागडा सनकोट." मी तिला लेव्हल 2 समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि मान?"

मान खरंच राहिली होती. हेल्मेट संपतं आणि कॉलर सुरू होते त्यामध्ये चार बोटांची पट्टी उघडी असते, आणि एप्रिलपासून ती करपून तांबडीलाल होते. कुठलंही मानक त्या चार बोटांबद्दल बोलत नाही. आत्याचं उपरणं लावून पाहिलं, पण ठाण्याच्या हवेत ते जाड पडतं, हेल्मेटखाली त्याची वळकटी होते. एका सकाळी तिने तिचा जुना, धुऊन धुऊन मलमलीसारखा झालेला स्कार्फ काढून दिला. मी आरशासमोर उभा राहून त्याला मागे गाठ मारली.

"मागे नको मारूस," ती म्हणाली, "हेल्मेट घातलंस की टोचते. बाजूला घे. कानाच्या खाली. आता टोकं आत खोच... अरे, आत म्हणजे जॅकेटच्या आत, तुझ्या त्या चाळणीच्या."